टाके मोजत पाहिलेलं डर्बीशायर



आज जरा लांबच्या मुलखात जाऊ. इंग्लंडच्या साधारण मधोमध डर्बीशायर नावाची काउंटी आहे. काउंटी म्हणजे आपला जिल्हाच म्हणा. लिहितात डर्बी, पण तिथली माणसं म्हणतात डार्बी. आपल्या साताऱ्याचे चार तुकडे केले तर त्यातला एक होईल, एवढीच ती. डोंगर, दगडी बांध, मेंढरं आणि मधून वाहणारी डरवेंट नदी. पण एवढ्याशा मुलखात जुनी घरं, बागा आणि गावं इतकी, की आठवडाभर फिरलं तरी अर्धी बघायची राहतात. आमचीही राहिली.

आम्ही चौघी गेलो होतो. चौघीही शिवणकाम करणाऱ्या, तेव्हा आमचं लक्ष कुठे जाणार हे तुम्हाला सांगायला नको. बाकीचे लोक छताची नक्षी बघत होते आणि आम्ही पडद्याची मागची बाजू दिसते का ते बघत होतो. टाक्याची परीक्षा मागूनच होते ना! म्हणून आजचा इतिहास आम्हाला कापडातून दिसला तसा सांगतोय.

पहिलं घर हार्डविक हॉल. टेकडीवर उभं आहे, लांबूनच दिसतं. सहा मनोरे, आणि भिंतीपेक्षा खिडक्याच जास्त. आजच्या काळात काचेच्या इमारतींचं कुणाला काय वाटत नाही. पण हे घर १५९० ते १५९७ या काळात बांधलेलं. तेव्हा काच म्हणजे सोन्याच्या पंक्तीतली वस्तू, श्रीमंताघरीही मोजकीच. इथे तर वरच्या मजल्यावर जावं तशा खिडक्या मोठ्या होत जातात. आणि मनोऱ्यांच्या माथ्यावर, आभाळाच्या रेषेवर, दगडात कोरलेली दोन अक्षरं आहेत: ई आणि एस. ई म्हणजे एलिझाबेथ, एस म्हणजे श्रूजबरी. घर बांधणाऱ्या बाईचं नाव. नवऱ्याचं नाही, मुलाचं नाही, तिचं स्वतःचं. मैलभर लांबून वाचता यावं असं.

ही बाई म्हणजे बेस ऑफ हार्डविक. याच जागी एका साधारण जमीनदाराच्या घरात १५२७ च्या सुमारास जन्मली. चार लग्नं झाली आणि चारही नवरे तिच्या आधी गेले. पहिला नवरा तर दोघंही कोवळ्या वयाची असतानाच गेला. तेव्हाच्या इंग्लंडच्या कायद्याप्रमाणे लग्न झालं की बाईची मालमत्ता नवऱ्याच्या ताब्यात जायची, आणि विधवेला नवऱ्याच्या जमिनीच्या उत्पन्नातला तिसरा हिस्सा मिळायचा, तोही जिवंत असेपर्यंत. तो हिस्साही सासरच्यांनी सुखासुखी दिला नाही. ही विशीच्या आतली पोर कोर्टात गेली आणि तिनं तो मिळवला. पुढे जे काही झालं त्याचं मूळ आम्हाला या पहिल्या दाव्यात दिसतं. आपलं काय आहे आणि ते कागदावर कसं आणायचं, हे ती तेव्हाच शिकली.

दुसरा नवरा विल्यम कॅव्हेंडिश. त्याच्यापासून आठ मुलं झाली, सहा जगली. हा सरकारी अधिकारी होता आणि राजा आठव्या हेन्रीनं जे मठ बंद केले त्यांच्या मालमत्तेचा हिशेब बघणं हे त्याचं काम. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. चौथा नवरा श्रूजबरीचा अर्ल, त्या भागातला सगळ्यात बडा उमराव. त्याच्याशी शेवटी इतकं फाटलं की दोघं वेगळी राहू लागली. १५९० साली तो वारला, आणि साठी ओलांडलेल्या बेसनं त्याच वर्षी या घराच्या पायाला हात घातला. दगड तिच्या खाणीतला, शिसं तिच्या खाणीतलं, काच तिच्या भट्टीतली. हिशेबाच्या वह्या आहेत अजून. पानापानाखाली तिची सही. आमच्या बचत गटाच्या वहीवर सही करायला कंटाळा करणाऱ्या मैत्रिणींनी हे ऐकावं!

घराच्या आत गेलं की भिंती दिसतच नाहीत, कापड दिसतं. वरच्या मजल्यावरच्या सुमारे ५० मीटर लांबीच्या दालनात टॅपेस्ट्री टांगल्या आहेत. टॅपेस्ट्री म्हणजे भरतकाम नव्हे, विणलेलं चित्र. पैठणीच्या पदरावरचा मोर जसा रंगाचा एकेक धागा फिरवून विणतात, तीच रीत. फक्त इथे लोकर आणि रेशीम आहे आणि उंची जवळजवळ सहा मीटर. बायबलमधल्या गिडियन नावाच्या योद्ध्याची ही कथा, एकूण तेरा तुकड्यांत. खरं म्हणजे दुसऱ्याच एका उमरावानं विणून घेतलेल्या या टॅपेस्ट्री. तो कर्जात मेला, आणि १५९२ मध्ये बेसनं त्या त्याच्या वारसांकडून विकत घेतल्या. त्यावर त्याचं घराण्याचं चिन्ह होतं, ते झाकायला खर्च येणार म्हणून तिनं पाच पौंड कमी करून घेतले. आणि मग केलं काय, तर आपलं चिन्ह रंगवलेल्या कापडाचे तुकडे वरून लावले आणि त्याच्या चिन्हातल्या हरणीला शिंगं काढून आपला सांबर करून टाकला! भाव करणाऱ्या बायका सगळीकडे सारख्याच.

हे तेरा तुकडे अलीकडे स्वच्छ करून, दुरुस्त करून परत लावले. त्या कामाला चोवीस वर्षं लागली, २०२३ मध्ये ते संपलं. चोवीस वर्षं! त्यात कामाला लागलेली एखादी मुलगी निवृत्तीला आली असेल.

पण आम्ही सगळ्यात जास्त वेळ थांबलो ते दुसऱ्याच कापडापाशी. कापडावर कापडाचे तुकडे कापून शिवलेले हे मोठे पडदे आहेत. त्यावर जुन्या काळातल्या थोर बायका आहेत: पेनेलोपी, लुक्रेशिया, आर्टेमिसिया, राणी झेनोबिया. क्लिओपात्राचाही होता, तो आता उरलेला नाही. जवळून बघितलं तर पेनेलोपीच्या झग्याचं कापड झग्याचं नाहीच. मखमल, जरीचं वस्त्र, त्यावर आधीच कुणीतरी केलेलं जुनं नक्षीकाम. ते आहेत चर्चमधल्या पाद्र्यांचे पूजेच्या वेळचे झगे. मठ बंद झाले, मालमत्ता वाटली गेली, आणि ती मखमल कॅव्हेंडिशसारख्या अधिकाऱ्यांच्या घरी आली. म्हणजे देवाघरचं कापड फाडून राणी शिवली. आमच्या आक्का म्हणाल्या, "मखमल कुणी टाकून देतं का, बाई!" आणि हेही खरंच.

हे शिवलं कुणी? इथे एक मजेची गोष्ट आहे. चौथ्या नवऱ्याशी भांडण कोर्टापर्यंत गेलं तेव्हा हे पडदे कुणाचे, हाही वाद निघाला. तो म्हणाला माझ्या पैशानं झाले. बेसनं उत्तर दिलं की माझ्याकडे एका वेळी एकच भरतकाम करणारा कारागीर पगारावर असे, बाकी काम माझ्या घरातल्या नोकरांनी, बायकांनी आणि मी पोसलेल्या काही मुलांनी केलं. नवरा-बायकोचं भांडण झालं म्हणून त्या घरातल्या बायकांच्या सुईचा उल्लेख कागदावर आला. नावं तरी नाहीतच.

इथे येणारा प्रत्येक जण विचारतो, स्कॉटलंडची राणी मेरी इथे कैदेत होती ना? नव्हती. हे घर उभं राहण्याआधीच, १५८७ साली, तिचा शिरच्छेद झाला होता. पण बेसच्या चौथ्या नवऱ्यावर तिला सांभाळायची जबाबदारी होती, १५६९ पासून पंधरा वर्षं. तेव्हा ती चॅट्सवर्थ आणि शेफील्डच्या घरांत नजरकैदेत असायची, आणि बेस आणि मेरी एकत्र बसून भरतकाम करायच्या. एक कैदी, एक तिच्या पहारेकऱ्याची बायको. मेरीनं भरलेलं एक पिवळसर मांजर आहे, उंदरावर डोळा ठेवून बसलेलं. मांजर म्हणजे इंग्लंडची राणी एलिझाबेथ आणि उंदीर म्हणजे आपण, असं तिच्या मनात असावं असं म्हणतात. ज्याच्याशी लग्नाचं चाललं होतं त्या नॉरफकच्या ड्यूकला तिनं एक भरलेली उशी पाठवली होती: एक हात द्राक्षवेलीची फांदी छाटतोय. वांझ फांदी छाटा, म्हणजे दुसरी वाढेल. पुढे त्या ड्यूकवर राजद्रोहाचा खटला झाला तेव्हा ही उशी पुराव्यात आली. बाई, उशीसुद्धा पुराव्यात!

बेसची एक नात होती, अर्बेला. तिच्या अंगात राजघराण्याचं रक्त, म्हणून ती राणी होईल अशी आजीला आशा. त्या आशेपायी आजीनं तिला हार्डविकमध्ये इतकं जपलं की मोठी झाल्यावर पोरीला ती कैद वाटायला लागली. पस्तिशीत तिनं राजाच्या परवानगीवाचून लग्न केलं, पकडली गेली, १६११ मध्ये पुरुषाचा वेष करून पळाली, समुद्रात पुन्हा पकडली गेली आणि १६१५ मध्ये लंडनच्या टॉवरमध्ये मेली. एवढ्या खिडक्यांच्या घरात वाढलेली मुलगी.

बेस स्वतः १६०८ मध्ये गेली. घर तिच्या वंशजांकडे, डेव्हनशायरच्या ड्यूकांकडे राहिलं. १९५० साली दहावे ड्यूक वारले तेव्हा वारसा कर इतका निघाला की हार्डविक सरकारला द्यावं लागलं, आणि ते १९५९ मध्ये नॅशनल ट्रस्टकडे आलं. ही जुनी घरं, रानं, किनारे सांभाळणारी संस्था. १८९५ साली तिघांनी मिळून स्थापन केली, त्यातली एक बाई होती, ऑक्टेव्हिया हिल. हार्डविकमध्ये राहिलेली शेवटची मालकीण, डचेस एव्हलिन, म्हातारपणी याच पडद्यांची आणि गालिच्यांची डागडुजी स्वतः सुई घेऊन करत असे. तिच्याबद्दल घरात फार काही सांगत नाहीत. आम्हाला मात्र ती बेसपेक्षा जवळची वाटली.

चॅट्सवर्थबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्याबद्दल सगळेच सांगतात. हेही बेसच्याच घराण्याचं. प्रचंड घर, आणि त्याहून प्रचंड बाग. १८२६ साली तेवीस वर्षांचा जोसेफ पॅक्स्टन इथे मुख्य माळी म्हणून आला. पहाटे साडेचारला पोचला, कुणी उठलेलं नव्हतं, म्हणून भिंत चढून आत गेला, माळ्यांना कामाला लावलं आणि मग घराची व्यवस्था बघणाऱ्या बाईंकडे न्याहारीला बसला. तिथे त्यांची भाची सेरा भेटली. दुसऱ्या वर्षी लग्न. पुढे पॅक्स्टननं मोठमोठी काचघरं बांधली, लंडनचा क्रिस्टल पॅलेस बांधला, सर झाला. तो सारखा फिरतीवर असे, तेव्हा इकडचा कारभार आणि पैशांचा हिशेब सेरा बघायची.

आम्हाला गंमत वाटली ती केळीची. मॉरिशसहून आलेलं एक बुटकं केळीचं झाड पॅक्स्टननं काचघरात वाढवलं, १८३५ मध्ये ते फुललं, आणि त्या केळीला ड्यूकच्या घराण्याचं आडनाव मिळालं: कॅव्हेंडिश. आपल्या जळगावची बसराई आणि आता सगळीकडे लावतात ती ग्रँड नैन, दोन्ही याच कॅव्हेंडिश गटातल्या. आपलं झाड तिथून आलं असं नव्हे हं. पण कृषी खात्याच्या कागदावर आपल्या केळीला बेसच्या दुसऱ्या नवऱ्याचं आडनाव लागलेलं आहे! आमच्यातली एक खानदेशची. तिनं बागेत उभं राहून घरी फोन लावला आणि हे सांगितलं. घरच्यांना काही कळलं नाही.

आता ईम. लिहिताना स्पेलिंग एयाम होतं, म्हणतात ईम. डोंगरातलं दगडी घरांचं छोटं गाव. खिडक्यांत फुलांच्या कुंड्या आणि घरांवर पाट्या. पाटी वाचायला गेलं की कळतं, या घरात कोण कोण मेलं त्यांची नावं आहेत.

१६६५ साली लंडनमध्ये प्लेग होता. ईममध्ये मेरी कूपर नावाच्या बाईच्या घरी जॉर्ज व्हिकर्स नावाचा शिंपीकाम करणारा राहायचा. लंडनहून कापडाचं गाठोडं आलं. ते दमट होतं म्हणून त्यानं ते उलगडून शेकोटीपाशी वाळत घातलं, असं सांगतात. आपण काय केलं असतं? हेच. त्या कापडात पिसवा होत्या. ७ सप्टेंबरला त्याला पुरलं. मग त्या बाईची दोन्ही मुलं गेली. मग शेजार. हिवाळ्यात जरा थांबलं, उन्हाळ्यात पुन्हा उसळलं.

जून १६६६ मध्ये गावातले दोन पाद्री, नवा विल्यम मॉम्पेसन आणि आधीचा थॉमस स्टॅन्ली, एक झाले. एरवी त्यांचं धर्माच्या बाबतीत जमत नव्हतं. त्यांनी गावाला सांगितलं की आपण वेशीबाहेर जायचं नाही, रोग इथेच संपू द्यायचा. गावानं ऐकलं. चॅट्सवर्थहून अर्लनं अन्नधान्य पाठवलं. वेशीवरच्या दगडांत भोकं पाडलेली आहेत, त्यात व्हिनेगर भरून पैसे टाकायचे आणि बाहेरच्या गावची माणसं सामान ठेवून ते पैसे उचलायची. ती भोकं अजून आहेत, बोट घालून बघता येतात. चर्च बंद करून प्रार्थना उघड्यावर, एका घळीत घ्यायचे, माणसं लांब लांब उभी राहायची. मेलेल्यांना दफनभूमीत न्यायचं नाही, ज्यानं त्यानं आपल्या माणसाला आपल्या शेतात, परसात पुरायचं. नोव्हेंबर १६६६ पर्यंत सुमारे २६० माणसं गेली.

एक गोष्ट मात्र खरी बोलायला हवी. गावानं त्याग केला म्हणतात, तो केलाच. पण ज्यांना जायला दुसरी जागा होती त्यातले काही आधीच निघून गेले होते. पाद्र्यानंही आपली मुलं आधी यॉर्कशायरला पाठवली होती. त्याची बायको कॅथरीन मात्र त्याच्याजवळ राहिली, आजाऱ्यांकडे जात राहिली, आणि ऑगस्टमध्ये गेली. चर्चच्या आवारात तिची कबर आहे.

गावाबाहेर टेकडीच्या उतारावर एक गोल दगडी कुंपण आहे. त्याला रायली ग्रेव्ह्ज म्हणतात. इथे एलिझाबेथ हॅनकॉक नावाच्या बाईनं ऑगस्ट १६६६ मध्ये आठ दिवसांत आपला नवरा आणि सहा मुलं पुरली. मदतीला यायला कुणी धजत नव्हतं. तिनं एकटीनं खड्डे खणले आणि प्रेतांच्या पायाला कापड बांधून ती ओढत नेली, असं गावात सांगतात. तिला स्वतःला काही झालं नाही. ती नंतर आपल्या उरलेल्या एका मुलाकडे दुसऱ्या गावी राहायला गेली.

तिथे पोचल्यावर आमच्यातली एक जण कुंपणाला हात लावून उभी राहिली आणि पुढे येईना. तिचा नवरा २०२१ च्या एप्रिलमध्ये करोनानं गेला. तिला फोन आला, एवढंच. चेहरा बघायला मिळाला नाही, नेलं कुठे तेही दुसऱ्या दिवशी कळलं. ती आम्हाला म्हणाली, "हिला निदान माती तरी टाकता आली." आम्ही तिघी काही बोललो नाही. सात दगड आणि सातांवर नावं. तिनं ती नावं एकेक करून वाचली, आणि मग आपणच म्हणाली, चला. हे रेडिओवर सांगू का, असं आम्ही तिला विचारलं. ती म्हणाली, सांगा.

ईमहून परतताना आपल्याकडच्या प्लेगची आठवण आल्याशिवाय कशी राहील? १८९६ मध्ये मुंबईत आला, मग पुण्यात. सावित्रीबाई फुले रुग्णांची सेवा करता करता त्यातच १० मार्च १८९७ ला गेल्या. पुण्यात रँडच्या वेळी सोल्जर घरात घुसून तपासणी करायचे, माणसांना उचलून नेऊन वेगळं ठेवायचे. तिथल्या प्लेगच्या इस्पितळात बायकांना काय वागणूक मिळते यावर पंडिता रमाबाईंनी वर्तमानपत्रात पत्र लिहिलं. रोग तोच, वेगळं ठेवणंही तेच. पण ईममध्ये ते गावाला विचारून झालं होतं. आणि पिसवा प्लेग पसरवतात हे कळलं १८९८ मध्ये, आपल्याच उपखंडात, कराचीला. म्हणजे ईमचे लोक सव्वादोनशे वर्षं आधी जे करत होते ते अंदाजानं करत होते.

पुढचं गाव क्रॉमफर्ड. इथे बघायला जातात ती सूतगिरणी. रिचर्ड आर्कराइट हा मूळचा न्हावी, केसांचे टोप करणारा. १७६९ मध्ये त्यानं सूत कातायच्या यंत्राचं पेटंट घेतलं आणि १७७१ मध्ये क्रॉमफर्डला ते पाण्यावर चालवलं. पाण्यावर चालणारी कापसाची ही पहिली यशस्वी गिरणी. जागा निवडायला कारण होतं: शिशाच्या खाणीतून बाहेर सोडलेलं पाणी इथे ओढ्याला मिळतं, ते थंडीतही गोठत नाही. म्हणजे बारा महिने चाक फिरणार. यंत्र थांबत नाही म्हटल्यावर माणसंही थांबायची नाहीत. दिवस-रात्र दोन पाळ्या, बारा बारा तासांच्या, घंटेवर. कामाला मुख्यतः बायका आणि मुलं. सुरुवातीला सात वर्षांची मुलंही.

त्याआधी हजारो वर्षं सूत कातणं हे बायकांचं काम होतं, पण आपल्या घरात, आपल्या वेळात. पोर रडलं तर उठायचं, भाकरी टाकायची, परत बसायचं. घंटा इथे पहिल्यांदा आली. गिरणीसमोर नॉर्थ स्ट्रीट म्हणून १७७६ मधली कामगारांची घरं आहेत, तीन मजली. आपल्या चाळीपेक्षा ऐसपैस, हे मान्य करायला हवं. वरच्या मजल्यावर लांबट खिडक्या, तिथे नवरा मागावर बसायचा. बायको-पोरं कातायची खाली गिरणीत आणि नवरा विणायचा वर घरात.

गिरणीच्या रस्त्याकडच्या भिंतीला खालच्या मजल्यावर खिडक्या जवळजवळ नाहीतच. किल्ल्यासारखी दिसते. हातानं कातणाऱ्यांचं काम गेलं, तेव्हा लँकेशायरमध्ये १७७९ साली त्याची एक गिरणी लोकांनी जाळली होती. इथेही येतील ही भीती. हार्डविक बघून आलं की या भिंतीपुढे उभं राहायला फार विचित्र वाटतं.

मुंबईची पहिली कापड गिरणी १८५४ मध्ये स्थापन झाली. आपल्याकडचा पहिला कारखाना कायदा १८८१ चा, आणि त्यात बंदी कुणाला होती? सात वर्षांखालच्या मुलांना. म्हणजे क्रॉमफर्डला एकशे दहा वर्षांपूर्वी जी सुरुवात झाली तीच आपल्याकडे कायद्यानं मान्य झाली. खुद्द इंग्लंडमध्ये तर १८३३ सालीच नऊ वर्षांखालच्या मुलांना गिरणीत घ्यायला बंदी घातली होती. आक्कांच्या आजीनं परळच्या गिरणीत रीळ खात्यात काम केलं होतं. त्या यंत्रापुढे उभ्या राहून आक्कांनी तुटलेला धागा जोडून दाखवला, बोटं ओली करून, चुटकीसरशी. तिथल्या यंत्र दाखवणाऱ्या बाई बघतच राहिल्या.

क्रॉमफर्डजवळच फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या घरच्यांचं घर आहे. तिच्यावर एक वेगळाच कार्यक्रम करू.

शेवटी केडलस्टन. खांबांवर खांब, संगमरवरी दिसणारं भलं मोठं दालन. १७५९ मध्ये हे घर बांधायला घेतलं. घरासमोर मोकळी हिरवळ आणि तळं हवं होतं, आणि तिथे गाव होतं. गाव हलवलं. एकटं जुनं चर्च तेवढं घराला चिकटून उभं आहे. कोलकात्याचं राजभवन याच घराच्या नमुन्यावर बांधलं, आणि पुढे याच घरात जन्मलेला मुलगा त्या राजभवनात राहायला आला: लॉर्ड कर्झन, १८९९ ते १९०५ व्हाइसरॉय. बंगालची फाळणी करणारा तोच.

खालच्या मजल्यावर त्यानं पूर्वेकडून आणलेल्या वस्तूंचं संग्रहालय आहे. हस्तिदंत, हत्यारं, चांदी. तिथे एका काचेच्या पेटीत, मंद उजेडात, एक झगा आहे. जानेवारी १९०३ मध्ये दिल्लीच्या दरबाराच्या वेळी लाल किल्ल्यात नाच झाला, तेव्हा कर्झनची बायको मेरी हिनं तो घातला होता. सगळा झगा म्हणजे एकावर एक मोरपिसं. पिसं जरीची, आणि प्रत्येक पिसाचा डोळा म्हणजे हिरव्या भुंग्याचा चकाकणारा पंख. वजन साडेचार किलोच्या आसपास. दिल्लीत किशनचंद यांच्या कारखान्यात जरदोजी कारागिरांनी कापडाचे भाग भरले, ते पॅरिसला वर्थ नावाच्या प्रसिद्ध दुकानात गेले, तिथे झगा शिवला, आणि तो परत दिल्लीला आला. आता जर काळवंडली आहे. भुंग्यांचे पंख मात्र तसेच हिरवे.

आम्ही तिथे किती वेळ होतो सांगता येणार नाही. अड्ड्यावर बसून आरीनं काढलेलं काम, टाका इतका सारखा की हात एकाचा का दहांचा, ओळखू येत नाही. आणि मग आमचं भांडण झालं. खानदेशची म्हणाली, छप्पनच्या दुष्काळात आमच्याकडे माणसं झाडाची सालं खात होती, आणि तीन वर्षांत हे लोक मोरपिसं घालून नाचले. मला बघवत नाही. आक्का म्हणाल्या, आपल्या माणसांचं काम आहे, ते आपणच नाही बघायचं तर कुणी बघायचं? तिसरी म्हणाली, मग इथे कशाला, दिल्लीत ठेवा. चौथी म्हणाली, दिल्लीत ठेवलं असतं तर आपण बघायला गेलो असतो का, खरं सांगा. दालनात बसलेल्या म्हाताऱ्या स्वयंसेवक बाई आमच्याकडे बघून हसत होत्या. आम्ही त्यांना विचारलं, भरणाऱ्या कारागिरांची नावं कुठे लिहिली आहेत का? त्या म्हणाल्या, कारखान्याच्या मालकाचं नाव आहे. बाकीच्यांची नाहीत.

मेरी कर्झन १९०६ साली, छत्तिसाव्या वर्षी वारली. चर्चमध्ये तिचा संगमरवरी पुतळा निजलेला आहे. दगडातसुद्धा झग्याच्या चुण्या दाखवल्या आहेत. खानदेशची त्या चर्चमध्येही आली नाही, बाहेर बाकावर बसून राहिली. बसची वेळ झाली तेव्हा आक्का तिच्याशेजारी जाऊन बसल्या, पिशवीतून शेंगदाण्याचे लाडू काढले, आणि दोघींचं बोलणं पुन्हा त्याच झग्यावर सुरू झालं. डर्बीला पोचेपर्यंत चालूच होतं.

तुमचं काय म्हणणं आहे ते आम्हाला कळवा.